चकमक चकाकते म्हणून चकमक? काय बी!

अक्कलकोटकडच्या एकानं विचारलंय की रानात नांगरताना निघते ती गारगोटी म्हणजेच पोलादावर ठोकून आग पाडायची चकमक का, आणि तो गाळाचा खडक असतो हे खरं का.

पोलीस चकमक, शाब्दिक चकमक सोडा, ते सगळ्यांना माहितीय. डोकं फिरतं ते 'चकाकते म्हणून चकमक' असं ठोकून देणाऱ्यांमुळं. चकमकीचा दगड कधी बघितलाय का यांनी? करडा, काळपट, मेणचट, चकाकायचं नाव नाही. शब्द सरळ तुर्की आहे, फारसीतून आपल्याकडं आलेला. तुर्कीत चाकमाक म्हणजे ठोकणे, आणि आजही तिकडं सिगारेटच्या लायटरला हेच नाव. म्हणजे शब्दात दगड नाहीच, ठोकणं आहे! आणि बरोबरच आहे की, ठिणगी दगडाची नसतेच, दगडाची धार पोलादाचा बारीक कीस काढते आणि तो तापलेला कीस हवेत जळतो.

माझं तर मत आहे की लढाईची चकमकही इथूनच आली. जुनी माणसं चकमक झाडायची, लढाईत चकमक झडते, क्रियापद बघा की जरा! पण काही पंडितांना ती 'चकमकीत'च्या शेजारीच बसवायचीय. बसवा बापडे.

हां, दगड राहिलाच. खरी चकमक गाळातलीच. समुद्रातले स्पंज, डायटम नावाचं बारीक शेवाळ असले जीव सिलिकाचे, म्हणजे वाळू ज्याची असते त्याच द्रव्याचे, सांगाडे करतात, ते तळाशी साचतात, विरघळतात, आणि तीच सिलिका गाळात पुन्हा गोळा होऊन घट्ट होते. इंग्लंड-फ्रान्सच्या खडूच्या डोंगरात असे गोळेच्या गोळे सापडतात. सोलापूरची गारगोटी वेगळी. आपल्याकडं साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, त्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत सिलिकाचं पाणी झिरपून गारगोटी नि अकीक झाले. गाळाचा काय संबंध? पोलादावर ठोकली तर ठिणगी तीही पाडते, म्हणून नावांचा घोळ.

लोखंड आणि सिलिका एकत्र गाळात बघायची तर कर्नाटकात संडूरला जा. २५० कोटी वर्षांपूर्वी आणि त्याआधीही समुद्राच्या पाण्यात लोखंड विरघळलेलं होतं, ऑक्सिजन मिळाला तसं ते गंजून तळाशी बसलं, मध्येमध्ये सिलिकाचे थर, असा पट्टेरी खडक. चकमकीचं सगळं सामान एकाच दगडात, फक्त लोखंड आधीच गंजलेलं, त्यामुळं ठिणगी पडून कापूस काय पेटायचा नाही.