जुनी ऑक्टाव्हिया कॉम्बी घरच्या घरी कितपत सुधारता येईल?

ठाण्यात घोडबंदर रोडला सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असलेली पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया कॉम्बी (१.९ टीडीआय डिझेल इंजिनची स्टेशन वॅगन) स्वतःच्या हाताने सुधारता येईल का, असं तुम्ही विचारलंय. बरीच येईल. फक्त सुरुवात पॉलिशपासून नको, आत शिरणाऱ्या पाण्यापासून करा.

बॉनेट उघडून पुढच्या काचेखालची जागा बघा. तिथे झाडांचा पाला साचतो, निचऱ्याची भोकं बुजतात आणि पावसाळ्यात पाणी केबिन फिल्टरच्या (आत येणारी हवा गाळणाऱ्या जाळीच्या) खोक्यातून थेट डावीकडच्या सीटच्या पायाशी उतरतं. कार्पेट वरून कोरडं लागतं. खालचा फोम दाबून बघा, हाताला पाणी लागेल. पाला काढा, खोक्याचं सील नवं बसवा, कार्पेट उचलून पूर्ण वाळवा. ठाण्याच्या दमट हवेत अर्धवट वाळलं तर कुबट वास जात नाही आणि पत्राही गंजतो. दाराच्या आतल्या पॅनेलचं सीलही तपासा, तिथूनही या गाड्या गळतात.

पिवळट हेडलाइट १०००, २००० आणि ३००० नंबरच्या वॉटर पेपरने ओले घासून पॉलिश करा. वर यूव्ही कोट, म्हणजे उन्हापासून वाचवणारा थर, हवाच. डिकीचं दार वर उचलून धरणारे गॅस शॉक बदलणं सोपं, पण दार धरायला कुणीतरी सोबत घ्या.

टायमिंग बेल्टला, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणाऱ्या पट्ट्याला, मात्र हात लावू नका. तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन उघडावं लागतं. जुनं बिल सापडत नसेल तर बेल्ट, टेन्शनर (तो ताणून धरणारा भाग) आणि वॉटर पंप जाणकार मेकॅनिककडून एकत्रच बदला. शिवाय १५ वर्षं उलटली असतील, तर सामानावर खर्च करण्याआधी आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण झालंय का ते बघा.