कॉलेजात असताना दुसऱ्या धर्माच्या मित्रांकडून तुम्ही काय शिकलात?

तुम्ही लिहिलंय की हॉस्टेलला पहिल्यांदाच वेगळ्या धर्माचा रूममेट मिळालाय, त्याला काही विचारावं तर भीती वाटते. माझ्यापुरतं सांगतो. ‘सगळे धर्म शेवटी एकच’ यावर पहिल्या वर्षी आम्ही गॅलरीत रात्र रात्र बडबडलो. त्यातलं आज एक वाक्य आठवत नाही. शिकलो ते एका बावळट प्रश्नामुळे.

पुण्यात इंजिनिअरिंगला होतो. रूममेट दापोलीकडचा, मुसलमान. मे २०१८, सेमिस्टरची परीक्षा तोंडावर आणि त्यातच रमजान. पहाटे मेस बंद, म्हणून तो रात्रीच डब्यात पोळ्या आणि भुर्जी काढून ठेवायचा आणि चारचा गजर लावायचा. दोन दिवस मी त्या गजराला शिव्या घातल्या, तिसऱ्या दिवसापासून मीही उठून अभ्यासाला बसलो. (एम-थ्री, म्हणजे गणिताचा राहिलेला पेपर, सुटला तो त्या पहाटांमुळे, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.)

एकदा त्याला म्हणालो, “साडेचौदा तास पाणी नाही, आणि तुम्ही नेमका उन्हाळाच का निवडता रे?” तो हसत सुटला. म्हणाला, निवडतंय कोण? चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात, त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो आणि साधारण ३३ वर्षांनी फिरून त्याच ऋतूत पोचतो. मे महिन्यातला रमजान त्याच्या आजीच्या आयुष्यात तिसऱ्यांदा आला होता. वय मोजायची ही पद्धत मला फार आवडली.

मग त्यानं विचारलं, “तुमचेही महिने चंद्राचेच ना? मग तुमची दिवाळी भर पावसात कशी येत नाही?”

मी गप्प. घरात जन्मापासून भिंतीवर कालनिर्णय बघतोय, पण उत्तर नाही. शेवटी आईला फोन लावला. ती म्हणाली, “अरे, आत्ता घरात काय चाललंय? धोंड्याचा महिना!” ताईचं लग्न नुकतंच झालं होतं आणि जावयाच्या वाणाचे ३३ अनारसे तळणं सुरू होतं. अधिक महिना म्हणजे जावयाचे लाड, एवढंच मला ठाऊक. दरवर्षीची ती अकरा दिवसांची तूट साठते आणि ३२-३३ महिन्यांनी एक महिना जादा धरून भरून काढतात, म्हणून सण आपापल्या ऋतूत राहतात, हे तेव्हा कळलं. इस्लाममध्ये असा जादा महिना घालायला मनाई आहे, म्हणून रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो. गंमत म्हणजे त्या वर्षी १५ मेच्या अमावास्येनंतर त्याचा रमजान आणि आमचा अधिक ज्येष्ठ पाठोपाठच सुरू झाले होते. चंद्र एकच, हिशेब दोन.

आईनं पुढच्याच आठवड्यात एका येणाऱ्याबरोबर अनारसे पाठवले, वर फोनवर ताकीद: “त्याला दिवेलागणीनंतरच दे हो, आधी दाखवूसुद्धा नकोस.” त्या संध्याकाळी खजुराच्या शेजारी अनारसे होते.

वर्गात नागपूरचा एक बौद्ध मित्र होता. त्याला मी ऐटीत म्हणालो, “पंचशील म्हणजे तुमच्या पाच आज्ञा ना?” त्यानं शांतपणे एकेक शब्द फोडून सांगितला. ‘वेरमणी’ म्हणजे दूर राहणं, ‘सिक्खापद’ म्हणजे शिकण्याचा नियम, ‘समादियामि’ म्हणजे तो मी स्वतः स्वीकारतो. आज्ञा कुणी कुणाला केलेलीच नाही. वरवर छोटी दुरुस्ती, पण त्यानंतर दुसऱ्याच्या धर्मातली गोष्ट आपल्या शब्दांत बसवायच्या आधी मी विचारून घेतो.

आता विचारायचं कसं. ‘तुमच्यात असं का असतं?’ असा प्रश्न मी एकदा केला होता. त्यावर रूममेट वैतागून म्हणाला, “मी काय मौलाना आहे?” बरोबरच होतं त्याचं. उद्या मला कुणी अख्ख्या हिंदू धर्माचा खुलासा मागितला तर मी काय सांगणार, दिवाळीचं तर तेव्हाही जमलं नव्हतं. त्यापेक्षा ‘तुझ्या घरी काय करतात?’ असं विचारा. माणूस आजीपासून सुरू होतो आणि थांबत नाही. आणि पहाटेच्या गजरावर चिडू नका.

२०२३ च्या जुलैत अधिक श्रावण लागला, तेव्हा मला पत्ताही नव्हता. सकाळी त्याचाच मेसेज आला: “तुमचा जादा महिना लागला. काकूंना विचार, अनारसे कधी?”