मागणी एकच, मग भांडण कशाचं?

प्रश्न: ताई, ब्रिटनमध्ये ट्रान्स बायका सोडून फक्त जन्माने बाई असलेल्यांसाठी वेगळ्या चेंजिंग रूम, निवारे, तुरुंग हवेत म्हणून ज्या बायका लढतायत त्यांच्याबद्दल वाचत असते. कोर्टात जिंकल्या ना त्या? मग आपापसात का भांडतात? – एक वाचक

उत्तर: जिंकल्या हो. १६ एप्रिल २०२५ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने 'फॉर विमेन स्कॉटलंड' या बायकांच्या संघटनेच्या केसमध्ये एकमताने सांगितलं की २०१० च्या इक्वॅलिटी अ‍ॅक्टमध्ये बाई म्हणजे जन्माने बाई, आणि ट्रान्स लोकांना त्याच कायद्यात भेदभावापासून जे संरक्षण आहे ते तसंच राहील. ही मागणीच मान्य नसलेल्या फेमिनिस्टही भरपूर आहेत, पण तुम्ही विचारताय ते घरातलं भांडण.

तर या सगळ्या एका पक्षाच्या कधीच नव्हत्या. २०१७ साली सुरू झालेल्या 'वुमन्स प्लेस यूके'वाल्या बऱ्याचशा युनियनमधल्या, डाव्या, त्यांचं म्हणणं असं की निवारा नुसता वेगळा असून काय उपयोग, तो चालवायला सरकारी पैसा लागतो, मग तोच पैसा कापणाऱ्यांच्या शेजारी आम्ही कशाला बसायचं? दुसरीकडे ब्रिटनचीच कार्यकर्ती केली-जे कीन, तिच्या 'लेट विमेन स्पीक' सभेत माईक ठेवलेला असतो, जिला बोलायचंय तिने यावं, पक्ष कुणी विचारत नाही.

याची किंमत ऑस्ट्रेलियात मेलबर्नला दिसली. १८ मार्च २०२३ ला तिथल्या पार्लमेंटसमोर तिची सभा चालू असताना काळ्या कपड्यांतले निओ-नाझी पायऱ्यांवर येऊन हात वर करून सलाम ठोकत उभे राहिले. कीन म्हणाली आमचा यांच्याशी संबंध नाही, पण फोटो जायचा तिथे गेलाच. सभेत बोललेल्या आमदार मोइरा डीमिंगना त्यांच्या लिबरल पक्षाने (नाव लिबरल, वळण उजवं) आमदारांच्या गटातून काढून टाकलं, मग त्यांनी पक्षनेत्यावर अब्रुनुकसानीची केस केली, २०२४ च्या डिसेंबरात जिंकल्या आणि त्याच महिन्यात गटात परत!

अमेरिकेत तर २०१९ मध्ये 'विमेन्स लिबरेशन फ्रंट' या फेमिनिस्ट संघटनेच्या बायका उजव्या हेरिटेज फाउंडेशनच्या स्टेजवर बसल्या. ही संस्था गर्भपाताच्या कट्टर विरोधातली, आणि या बायका गर्भपाताच्या हक्काच्या बाजूच्या. कित्येकींच्या मैत्र्या असल्या गोष्टींवरून तुटल्या.

आता उजव्यांच्या स्टेजवर जाणारीची बाजू पण ऐका, ती म्हणते आमच्याच लोकांनी दार लावलं तर बोलायचं कुठे? यात तथ्य आहे. कागदोपत्री लिंग बदलणं सोपं करणाऱ्या स्कॉटलंडच्या जेंडर बिलावरून तिथल्या एसएनपी पक्षाच्या अ‍ॅश रीगन यांनी २०२२ मध्ये मंत्रिपद सोडलं, वर्षभराने पक्षही सोडला. पण मला विचाराल तर डाव्या बायकांचं भय जास्त खरं वाटतं. 'फक्त या मुद्द्यापुरती युती' हे बोलायला ठीक आहे, पण स्टेज ज्याचं त्याला त्या फोटोचा फायदा सगळ्याच मुद्द्यांवर होतो, उद्या गर्भपाताचा कायदा आला की तो हाच फोटो काढून दाखवणार, बघा, फेमिनिस्टसुद्धा आमच्याबरोबर आहेत.