संगणक-शंका : खराब रॅमचा लॅपटॉप वापरत राहू का?

प्रश्न : बार्शीत लग्नपत्रिका आणि फोटो अल्बम करून देण्याचं माझं काम आहे. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, विंडोज १०. हल्ली मधूनच निळा स्क्रीन येतो, झिप फाइल खराब आहे असं सांगतो आणि काही फोटो अर्ध्यापासून खाली जांभळे दिसतात. तपासणीत रॅम खराब निघाली. ती बोर्डावरच सोल्डर केलेली असल्याने दुरुस्तीवाले अख्खा बोर्ड बदला म्हणतात. तेवढे पैसे आत्ता नाहीत. असाच वापरला तर चालेल?

उत्तर : ताई, असाच नको. पण बोर्डाचा खर्चही इतक्यात करू नका.

निळ्या स्क्रीनपेक्षा मला तुमच्या जांभळ्या फोटोंची काळजी वाटते. निळा स्क्रीन निदान दिसतो तरी. जेपेग फोटोत प्रत्येक तुकड्याचा रंग आधीच्या तुकड्याशी असलेला फरक म्हणून लिहिलेला असतो, त्यामुळे एक बिट (माहितीचा सर्वांत छोटा कण, शून्य किंवा एक) उलटला की तिथून खाली सगळे रंग सरकतात. लॅपटॉप रीस्टार्ट करून तोच फोटो उघडा. नीट दिसला तर डिस्कवरची फाइल शाबूत आहे, फक्त रॅममधली प्रत बिघडली होती. तसाच जांभळा दिसला तर बिघडलेली प्रतच सेव्ह झाली आहे. फोटोत हे डोळ्यांना कळतं. पत्रिकेतला मुहूर्त किंवा हिशेबातला आकडा बदलला तर कोण सांगणार?

आता उपाय. ‘मेमटेस्ट ८६ प्लस’ हा मोफत प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेऊन त्यावरून लॅपटॉप सुरू करा आणि रात्रभर चालू ठेवा. एका फेरीवर थांबू नका, कारण काही दोष रॅम तापल्यावरच उघडे पडतात. लाल ओळींमध्ये रॅममधल्या खराब जागांचे पत्ते दिसतात, ते उतरवून घ्या. दर फेरीला तेच ठरावीक पत्ते येत असतील तर लॅपटॉप वाचवण्यासारखा आहे. दर वेळी वेगळे आणि विखुरलेले येत असतील तर पुढचं सगळं सोडा, त्या लॅपटॉपवर गिऱ्हाइकाचं काम करू नका.

विंडोज रॅमची ४ केबीची पानं, म्हणजे सारखे छोटे तुकडे, पाडते. तुमच्या ८ जीबीत अशी सुमारे २१ लाख पानं आहेत, त्यातली शंभर टाकून दिली तरी फरक जाणवणार नाही. कोणती टाकायची ते ‘बीसीडीएडिट’ या आज्ञेतल्या ‘बॅडमेमरीलिस्ट’मध्ये लिहायचं. तिथे पूर्ण पत्ता नव्हे, पानाचा क्रमांक लागतो, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. मेमटेस्टचे पत्ते सोळाच्या पायावर असतात, म्हणजे त्यांत ० ते ९ आणि ए ते एफ अशी चिन्हं येतात. त्यातले शेवटचे तीन अंक सोडले की पान मिळतं. म्हणजे पत्ता १७४२८६३५८ असेल तर पान १७४२८६. त्याच्या पुढची-मागची काही पानंही यादीत घाला, दोष शेजारी पसरू शकतो. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवा. असा बदल केल्यावर ती मागितली जाऊ शकते.

लिनक्सवाल्यांना हे आणखी सोपं आहे. मेमटेस्टच ‘बॅडरॅम’ची, म्हणजे खराब जागांची, तयार ओळ काढून देतो, ती ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंगमध्ये टाकायची. सिक्युअर बूट (लॅपटॉप सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) चालू असेल तर मात्र ग्रब ती मानत नाही.

एक मर्यादा आहे. लॅपटॉप सुरू होताना विंडोजच्या आधी बायोस (बोर्डावरचा, लॅपटॉप सुरू करणारा प्रोग्रॅम) रॅम वापरतं, आणि त्याला तुमची यादी माहीत नसते. दोष नेमका तिथे असेल तर यादीचा उपयोग नाही.

यादी घातल्यावर आठवडाभर घरचीच कामं करून पाहा. एखादी मोठी झिप पुन्हापुन्हा उघडा. एकदाही तक्रार आली नाही तरच अल्बम हाती घ्या. दोन-तीन महिन्यांनी मेमटेस्ट परत चालवा आणि नवे पत्ते आले तर यादीत वाढवा. आणि आजपासूनच एक करा : बाहेरच्या डिस्कवरचा जुना बॅकअप पुसून त्यावर नवा घेऊ नका. गेल्या काही महिन्यांत सेव्ह केलेले फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि कॅमेऱ्याच्या कार्डावर मूळ फोटो असतील तर ते कार्ड फॉरमॅट करू नका.