आवाज कोणाच्या तालावर चालतो?

प्रश्न : माझी 1990 ची माझदा एमएक्स-5 आहे, 1.6 लिटर इंजिनाची. सकाळी सुरू केली की इंजिनाच्या वरच्या भागातून टिकटिक येते. पूर्वी मिनिटभरात थांबायची, आता दहा मिनिटं चालते. मेकॅनिक इंजिन खोलायचं म्हणतो.

उत्तर : खोलू नका, आधी ताल ऐका. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट, पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य शाफ्टच्या म्हणजे क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. आयडलिंगला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) इंजिन मिनिटाला 800 फेऱ्यांवर असेल, तर एका व्हॉल्व्हची टिकटिक सेकंदाला सहा-सात वेळा येते आणि ती जवळजवळ मोजता येते. क्रँकच्या तालावरचा आवाज त्याच्या दुप्पट, मोजायला गेलं तर हुकतोच.

तुमचं वर्णन टॅपेटकडे, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्हच्या मधल्या वाटीकडे, बोट दाखवतं. या इंजिनात 16 व्हॉल्व्ह आहेत आणि प्रत्येकाच्या टॅपेटमध्ये हायड्रॉलिक अ‍ॅडजस्टर आहे, जो ऑइलच्या दाबावर कॅम आणि व्हॉल्व्हमधली फट भरून काढतो. गाडी रात्रभर उभी राहिली की त्यातलं ऑइल झिरपून जातं. आत गाळ साठला असेल तर ते पुन्हा भरायला वेळ लागतो. म्हणून सुरुवात डिपस्टिकपासून, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीपासून करा. ऑइल कमी असणं वाईट, तसंच वरच्या खुणेच्या वर असणंही वाईट : क्रँक ते घुसळून फेस करतो, आणि फेसातली हवा दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल आणि नवा फिल्टर घाला. काहीशे किलोमीटर इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवा. पुष्कळदा एवढ्यावर भागतं.

नाही भागलं, तर व्हॉल्व्ह कव्हर काढा. ज्या टॅपेटवर कॅमचा उंचवटा वरच्या दिशेला आहे, तो टॅपेट बोटाने जोर देऊन दाबा. घट्ट राहिला तर ठीक, स्पंजासारखा दबला तर तो गेला. क्रँक फिरवत सगळे 16 तपासा आणि दबणारे तेवढेच बदला.

दोन गोष्टींनी फसू नका. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गास्केट फुटलं तरी थंड इंजिनात अशीच टिकटिक येते, आणि धातू तापून फुगला की बंद होते. गाडी सुरू केल्याकेल्या रबरी नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं जोडाजवळून फिरवा (पंखा आणि बेल्टपासून हात लांब), शिवाय तिथे काजळी दिसते का पाहा. दुसरं, या मॉडेलच्या सुरुवातीच्या काही गाड्यांत क्रँकचं पुढचं टोक आखूड आहे. तिथला बोल्ट सैल होऊन शाफ्टच्या खाचेत बसणारी धातूची छोटी चावी झिजते. चालू इंजिनात क्रँकची पुली डगमगताना दिसली, तर गाडी चालवणं थांबवा.

काळजीचा आवाज वेगळा असतो : जड ठकठक, इंजिन तापल्यावर आणि रेस दिल्यावर वाढणारी. अशा वेळी आयडलिंगला एकेका इंजेक्टरचा (सिलिंडरला पेट्रोल देणाऱ्या भागाचा) विजेचा प्लग काढून पाहा. स्पार्क प्लगची वायर काढू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं. एखादा सिलिंडर बंद केल्यावर ठकठक मऊ झाली, तर त्याच सिलिंडरच्या कनेक्टिंग रॉडचं (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग बोलतंय. तेव्हा मात्र मेकॅनिकचं ऐका, आणि गाडी टो करूनच न्या.

प्रश्न : न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीत खरखर येते, क्लच दाबला की थांबते. रिलीज बेअरिंग बदललं, फरक शून्य.

उत्तर : रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग, उलट वागतं : पेडल दाबल्यावर बोलतं. तुमच्या लक्षणात गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट (क्लचकडून फिरणं गिअरबॉक्सात आणणारा) फिरतो तेव्हाच आवाज आहे, म्हणजे संशय त्याच्या बेअरिंगवर. पण खर्चाआधी आयडलिंग 1200 पर्यंत चढवून ऐका. आवाज नाहीसा झाला, तर ते नुसतं गिअरच्या दातांचं खुळखुळणं आहे आणि त्याने बिघडत नाही. तो धारदार झाला, तर गिअरबॉक्सचं ऑइल काढा. ड्रेन प्लगच्या मॅग्नेटवर करडी, मऊ लापशी चालते. कपच्या आल्या तर बॉक्स उघडायलाच हवा.

प्रश्न : ताशी 60 च्या पुढे मागून घूंऽऽ असा आवाज. चाक की डिफरन्शियल?

उत्तर : रिकाम्या, रुंद रस्त्यावर सावकाश डावीकडे वळा. वजन उजव्या चाकांवर येतं. आवाज वाढला तर उजवं बेअरिंग, उजवीकडे वळताना वाढला तर डावं. वळण्याने फरक नाही, पण अ‍ॅक्सिलरेटर दाबला-सोडला की सूर बदलतो, तर डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) : आधी त्याचं ऑइल पाहा. रस्ता गुळगुळीत झाल्याबरोबर सूर पालटला, तर ते टायर आहेत.