रंगमंचावरील रोमिओ आणि ज्युलिएट

प्रश्न: आमचे हौशी नाट्यमंडळ शेक्सपिअरचे ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ बसवत आहे. प्रेम हाच त्याचा मुख्य विषय मानावा काय?
(एक वाचक, गिरगाव, मुंबई)

उत्तर: प्रेमाइतकेच महत्त्व दोन घराण्यांच्या वैराला आणि त्याहूनही अधिक घाईला द्यावे, असे मला मनापासून वाटते. रविवारी सुरू झालेली कथा 5 दिवसांत संपते. ज्युलिएटच्या लग्नासाठी 2 वर्षे थांबा म्हणणारा तिचा पिता कॅप्युलेट तिच्या मामेभावाच्या, टिबल्टच्या, मृत्यूनंतर ते त्याच आठवड्यात उरकू पाहतो, आणि पत्र नेणारा साधू साथीच्या संशयावरून कोंडला गेल्याने ज्युलिएट मेलेली नसून औषधाने निपचित पडली आहे, ही खरी हकीकत रोमिओला कळतच नाही. ज्युलिएट 14 वर्षांचीही नाही, हे प्रेक्षकांना जाणवू द्यावे. शेवटचा समेट मात्र कृपया गाळू नका, कारण वडीलधाऱ्यांना आपल्या वैराची किंमत तिथेच कळते.