पोहत गेला म्हणजे वाचला का?

सांगली

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा संशोधनाचा आराखडा दोनदा वाचला. कृष्णेत कऱ्हाडच्या प्रीतिसंगमापासून आमच्या आयर्विन पुलापर्यंत हौसेने गळ टाकणाऱ्यांनी पकडून परत सोडलेल्या माशांचे पुढे काय होते, हा विषय तू निवडलास याचे समाधान वाटले. मात्र ‘मासा पोहत गेल्यास तो वाचला असे धरले जाईल’ या वाक्यापाशी मी थबकलो, कारण तुझे सगळे निष्कर्ष त्यावरच उभे राहणार आहेत.

गळाशी झुंजताना माशाचे पांढरे स्नायू ऑक्सिजनविना राबतात, रक्तात लॅक्टेट हे श्रमातून तयार होणारे द्रव्य साचते आणि आम्लता वाढते. त्यातच छायाचित्रासाठी त्याला हवेत धरले, की कल्ल्यांचे नाजूक पापुद्रे एकमेकांना चिकटतात आणि श्वासाची सर्वाधिक गरज असते तेव्हाच तो कोंडतो. फर्ग्युसन आणि टफ्ट्स यांनी १९९२ मध्ये रेनबो ट्राउटवरील प्रयोग प्रसिद्ध केला. नुसते दमवलेल्या माशांपैकी १२ टक्के, दमवून ३० सेकंद हवेत ठेवलेल्यांपैकी ३८ टक्के आणि ६० सेकंद ठेवलेल्यांपैकी ७२ टक्के मासे पुढील बारा तासांत मेले. म्हणजे मृत्यू काठावर दिसत नाही, नंतर येतो.

हे आकडे मात्र कृष्णेला जसेच्या तसे लावू नकोस. ट्राउट थंड पाण्यातला मासा आहे. कावेरीतील निळ्या परांच्या महसीरवर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गळाचे शारीरिक परिणाम तुलनेने सौम्य आढळले होते. आपली मरळ तर वर येऊन हवाच घेते, त्यामुळे हवेत धरण्याचा तिच्यावरील परिणाम महसीरपेक्षा वेगळा असणार. दोघांची नोंद एकाच रकान्यात करशील, तर सरासरी निघेल, पण ती कोणत्याच माशाची नसेल.

सोडण्यापूर्वी प्रत्येक माशाच्या प्रतिक्षिप्त क्रिया तपास. शेपूट धरल्यावर तो निसटू पाहतो का, उलटा केल्यावर सरळ होतो का, कल्ल्यांची झाकणे नियमित हलतात का, एवढे पाहायला काही सेकंद पुरतात. मासा हाती आल्यापासून घड्याळ चालू ठेव, गळ तोंडात अडकला की घशात उतरला हे लिही आणि पाण्याचे तापमान घेतल्याशिवाय दोरी टाकू देऊ नकोस.

आता खरी अडचण. गळाला न लागलेला मासा तुलनेसाठी आणायचा कोठून? भोई बांधवांच्या जाळ्यातला मासाही दमलेलाच असतो, तरीही तोच आणावा लागेल आणि त्याच दिवशी, गळाचे मासे निरीक्षणासाठी पाण्यात ज्या पिंजऱ्यात ठेवशील त्याच पिंजऱ्यात ठेवावा लागेल. हा धडा मी फार महागात शिकलो. तरुणपणी एका एप्रिलमध्ये मी गळाचे मासे रात्रभर पिंजऱ्यात ठेवले. सकाळी सगळे मेलेले पाहून दोष गळाला दिला आणि तसे लिहूनही टाकले. पहाटे पाण्यातला ऑक्सिजन किती उतरला होता, हे मोजले नव्हते आणि तुलनेचा एकही मासा ठेवला नव्हता. साखर कारखान्यांच्या मळीचे पाणी आल्यावर ज्या नदीच्या काठी मेलेल्या माशांचा खच पडतो, तिथे ही चूक अक्षम्य म्हणावी लागेल.

आणखी एक गोष्ट आराखड्यात नाही. अमेरिकेत इलिनॉयमधील रिज लेक या तलावातील लार्जमाउथ बास या माशावर पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या प्रयोगांतून असे दिसले, की गळाला सहज लागण्याचा गुण काही अंशी आनुवंशिक असतो. म्हणजे तुझ्या हाती येणारे मासे हे सगळ्या नदीचे प्रतिनिधी नसतील, आमिषावर झेपावणारेच अधिक असतील. निष्कर्षाची मर्यादा पहिल्याच पानावर मांड.

कोयनेच्या जलाशयाचा विचार असेल, तर आधी वनखात्याची परवानगी पाहा. सुधारित आराखड्यात जाळ्यातले मासे किती आणि ते कोणाकडून मिळणार, हे लिहून पाठव; बाकीचे त्यानंतर बोलू.

तुझा,
सर